घरच्या सुतारकामाला २ एचपीचा डस्ट कलेक्टर घ्यावा का?

पाथर्डीफाटाकर

रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये, १० बाय १४ फुटांच्या जागेत, तीन वर्षांपासून सुतारकाम करतोय. नोकरी अंबडला, त्यामुळे संध्याकाळ आणि रविवार एवढाच वेळ मिळतो. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), छोटा थिकनेसर (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन), राउटर (खाचा-कडा कोरायचं मशीन) आणि ऑर्बिटल सँडर (पॉलिशपेपर फिरवून घासणारं मशीन) आहे. लाकूड बहुतेक जुन्या वाड्यांचं सागवान. जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवला की तुळया, चौकटी निघतात, त्या आणतो.

आजवर झाडू आणि एक्झॉस्ट फॅनवर भागवलं. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर आईच्या देवघरात समईवर पिवळसर धूळ दिसली. बोटाला लावून बघितली तर सागाचा वास. मी काम करताना जिन्याचं दार बंद असतं, तरीही ती तिथवर पोचली. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

माझं मत: एकदाच पैसे घालून २ एचपीचा, कापडी पिशवीचा, चाकांवरचा डस्ट कलेक्टर (पंख्याने भुसा ओढून पिशवीत भरणारं यंत्र) घ्यावा आणि गरजेप्रमाणे एकेका मशीनला जोडावा. मित्र म्हणतो शॉप व्हॅक (वर्कशॉपचा व्हॅक्यूम क्लीनर) आणि सायक्लोन (हवा गोल फिरवून जड भुसा आधीच पिंपात पाडणारं नरसाळं) पुरे. मला ते जुजबी वाटतं. जाणकारांनी बोलावं.

सातपूरचा डक्टवाला

दादा, २८ वर्षं कारखान्यांत डक्ट बसवतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. मशीन निवडण्याआधी पिशवी बघा. स्वस्त कलेक्टरची पिशवी ३० मायक्रॉनची असते, म्हणजे त्याहून बारीक कण ती अडवत नाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुफ्फुसात खोल उतरणारी धूळ १० मायक्रॉनच्या खालची. म्हणजे जाड भुसा पिशवीत राहतो आणि घातक तेवढी धूळ पंखा तुमच्या तोंडाच्या उंचीवर पुन्हा खोलीभर उडवतो. झाडूने जी जमिनीवर तरी राहिली असती तीही हवेत जाते. जमीन स्वच्छ दिसते म्हणून माणूस मास्क काढतो, ते आणखी वाईट.

घ्यायचाच तर १ मायक्रॉनची पिशवी किंवा कार्ट्रिज फिल्टरवाला घ्या. आणि खोक्यावरच्या सीएफएमवर (मिनिटाला किती घनफूट हवा ओढते त्यावर) जाऊ नका. तो आकडा पाइप न लावता मोजलेला असतो. ४ इंची पाइपात भुसा वाहता ठेवायला हवेचा वेग मिनिटाला ४,००० फूट लागतो, म्हणजे साधारण ३५० सीएफएम. टेबल सॉला तेवढी हवा खरोखर लागते. वळ्यांचा फ्लेक्झिबल पाइप दहा फूट टाकलात की बरीच ओढ तिथेच मरते. पाइप आखूड ठेवा, जमेल तिथे गुळगुळीत पीव्हीसी वापरा.

इंदिरानगरची खेळणीवाली

मी लहान मुलांची लाकडी खेळणी करते आणि माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. मोठा कलेक्टर घेऊच नका.

बारीक धूळ सगळ्यात जास्त कोण करतं? सँडर. त्याचं तोंड सव्वा इंचाचं. त्याला ४ इंची कलेक्टर रिड्युसर (पाइप अरुंद करणारा जोड) लावून जोडलात तर जवळजवळ काहीच ओढत नाही. मी उसना आणून हे करून पाहिलंय, दिवसभराची मेहनत वाया गेली. व्हॅक्यूम क्लीनर जोडला आणि त्याच दिवशी फरक दिसला. सँडरखालच्या टेबलाचा रंग दिसायला लागला.

माझ्या मुलाला दमा आहे. मी धुळीकडे पसारा म्हणून बघू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि सायनसचा. सागाच्या धुळीने कातडीला खाज येते ती वेगळीच. म्हणून हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक, मध्ये सायक्लोन बसवलेलं पिंप, आणि मास्क. माझं सगळं काम यावर चालतं.

सातपूरचा डक्टवाला

ताई, सँडरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्याचं कारण असं. कलेक्टर म्हणजे गंगापूर धरणाचा कालवा. पाणी भरपूर, पण त्याला जोर नाही, अरुंद नळीत शिरत नाही. व्हॅक म्हणजे बोअरची मोटर. पाणी थोडं, पण बारीक पाइपातून उंच चढवते.

पण दादांकडे थिकनेसर आहे. तो व्हॅकला जोडून बघा. छिलके इतके येतात की अडीच इंची नळी दोन मिनिटांत तुंबते. अडीच इंचातून त्याच वेगाने १३५-१४० सीएफएमच जाते. टेबल सॉच्या खालून येणाऱ्या भुशालाही ते पुरत नाही. खेळण्यांच्या कामाला जे चालतं ते तुळया चिरायला चालेलच असं नाही.

देवळालीचे काका

माझं वय ७१. निवृत्तीनंतर हातरंधा, करवत, पटाशी एवढ्यावर खुर्च्या केल्या. मला हा सगळाच खर्च अनाठायी वाटतो. हातरंध्याचे छिलके हवेत उडत नाहीत, पायाशी पडतात. करवतीचा भुसा जाड असतो. नाशिकची हवा वर्षातले आठ महिने अंगणात काम करण्याजोगी आहे. थंड देशांत दारं लावून काम करावं लागतं म्हणून त्यांना ही यंत्रं लागतात. आपण त्यांचं अनुकरण का करावं? टेबल दाराबाहेर काढा, वाऱ्याकडे पाठ करा, कामाला लागा. वाचलेल्या पैशांत उत्तम शिसम येईल.

पाथर्डीफाटाकर

काका, तुमच्या हातांना नमस्कार. पण दोन अडचणी आहेत. रो-हाऊसला अंगण म्हणजे सहा फुटांची पट्टी, आणि शेजारच्या काकूंचे कपडे भिंतीपलीकडेच वाळत असतात. शिवाय मी काम करतो रात्री आठनंतर. हातरंध्याने वाड्याची तुळई साफ करायला मला अख्खा महिना लागेल.

डक्टवाले दादा, मग थेट बाहेर सोडलं तर? पंखा आत, पिशवी बाहेर.

पंचवटीचा निवृत्त मास्तर

बाहेर सोडण्याची कल्पना मला पटते, आणि काकांच्या बोलण्यात तिचं उत्तम समर्थन आहे. थंड देशात तापवलेली हवा बाहेर जाते म्हणून लोक महागडे फिल्टर लावून तीच हवा पुन्हा आत घेतात. आपल्याला हवा तापवायची नाही.

काकांच्या एका मुद्द्याशी मात्र मी असहमत आहे. पायाशी पडलेला भुसा दिसतो म्हणून तेवढीच धूळ, असं नाही. भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून हिशेब करून पाहिला. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला सात-आठ मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ दोन तास. खोलीतली हवा तर स्थिर कधीच नसते. समईवरची धूळ याच वाटेने गेली. सँडर बंद केला आणि लगेच मास्क काढून चहा घेतला, तर सगळ्यात वाईट धूळ तेव्हाच आत जाते. आणि एन-९५ दाढीवर बसत नाही, कडेने हवा शिरते.

सातपूरचा डक्टवाला

बाहेर सोडा, पण पिशवी लावूनच, आणि तोंड काकूंच्या दोरीकडे नको.

एक गोष्ट इथे कुणीच बोललं नाही आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. वाड्याचं लाकूड! त्यात खिळे असतात, कापलेली टोकं आत दडलेली असतात. साध्या कलेक्टरमध्ये भुसा आधी पंख्यातून जातो, मग पिशवीत. खिळ्याचा तुकडा लोखंडी पंख्यावर आपटला की ठिणगी, आणि ती कोरड्या भुशाच्या पिशवीत जाऊन पडते. ती आतल्या आत धुमसते. तुम्ही कुलूप लावून जेवायला जाता. एका कारखान्यात मी पहाटे अशी जळालेली पिशवी बघितली आहे. सुदैवाने तिथे राहतं घर वर नव्हतं.

म्हणून तुमच्यासाठी सायक्लोन पंख्याच्या आधी हवाच. जड तुकडा पिंपात पडतो, पंख्यापर्यंत येत नाही. पिंप पत्र्याचं घ्या, रोज रिकामं करा. पीव्हीसीवर स्थिर वीज साठते, त्याला तांब्याची तार गुंडाळून अर्थिंग द्या, निदान हाताला झटके बसणार नाहीत. आणि आधी लाकडावर लोहचुंबक फिरवा.

इंदिरानगरची खेळणीवाली

जुन्या दारांवर तैलरंग असेल तर त्यावर सँडर मुळीच फिरवू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरात आई आहेत.

पाथर्डीफाटाकर

खिळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या दिवाळीत ब्लेडचे दोन दात अशाच खिळ्याने गेले होते.

मत बदलतोय. २ एचपीचा बेत रद्द. आधी सँडरसाठी हेपावाला व्हॅक, कारण समईवरची धूळ त्याचीच असणार. पुढच्या पगारावर १ एचपीचा कलेक्टर, आधी सायक्लोन, १ मायक्रॉनची पिशवी बाहेरच्या पट्टीत, पत्र्याच्या आडोशाला. विजेचं काय? टेबल सॉ १,८०० वॉट आहे.

सातपूरचा डक्टवाला

१ एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. दोन्ही एकाच प्लगवर नको. वायरमनला सांगून कलेक्टरला वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी घ्या. आधी कलेक्टर चालू करा, त्याने वेग घेतला की मग सॉ.

देवळालीचे काका

खिळ्यांचा मुद्दा मान्य. सँडिंगचाही मान्य, पॉलिशपेपर मीही घासतो आणि तेव्हा मास्क लावत नाही, उद्यापासून लावेन. पण तुळई बाहेरच चिरा, रविवारी सकाळी, काकूंचे कपडे दोरीवर पडायच्या आत. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. हे मी मागे घेत नाही.

पाथर्डीफाटाकर

सांगतो काका. भिंतीला ११० मिलिमीटरचं भोक कोअर कटरने पाडून घेतोय.

सातपूरचा डक्टवाला

पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, नाहीतर आषाढात पाणी उलटं आत येईल आणि ओला भुसा पाइपात घट्ट बसेल. पावसाळ्यात पिशवी दर आठवड्याला झटका.