मदत हवी आहे: मातीत लावल्यापासून टोमॅटो-मिरचीची रोपं जागची हलत नाहीत

नमस्कार. बियांपासून टोमॅटो आणि ढोबळी मिरची वाढवायची ही माझी पहिलीच वेळ आहे. ट्रेमध्ये रोपं इतकी छान आली होती की रोज सकाळी उठल्यावर आधी तीच बघायचे. मातीत लावून आज २२ दिवस झाले आणि सगळं थांबलंय. रोपं मरत नाहीत, पण वाढतही नाहीत.

काय केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे चूक कुठे झाली ते कुणाला तरी सापडेल.

बिया कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या ट्रेमध्ये लावल्या. खरी चार-पाच पानं आली तेव्हाच रोपं हलवायला हवी होती, पण कुंड्या तयार नव्हत्या, त्यामुळे सहा आठवडे ट्रेमध्येच राहिली. या काळात आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) अगदी पातळ करून देत होते. लावायच्या आधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ वाढवत उन्हात ठेवली, त्यामुळे उन्हाचा चटका बसला असेल असं वाटत नाही. मग १२ इंची कुंड्यांमध्ये दोन भाग माती आणि एक भाग घरचं कंपोस्ट घालून नऊ टोमॅटो आणि पाच मिरच्या लावल्या. मुळं दुखावू नयेत म्हणून हुंडी, म्हणजे मुळांसकट निघालेला कोकोपीटचा गोळा, अजिबात न मोडता, जशी निघाली तशीच ठेवली. कंपोस्ट आहे म्हटल्यावर वेगळं खत बंद केलं.

आता टोमॅटो १४ सेंटीमीटरवर अडकलेत. खालची पानं सरसकट फिकट पिवळी झालीत, शिरांसकट. पानांच्या मागे जांभळट झाक नाही, कीड नाही, जाळी नाही. ऊन सहा तास मिळतं. दुपारी रोपं मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. मला कळत नाही ते हे, की मान टाकतात तेव्हाही बोट घातलं की माती ओलीच लागते! म्हणून जास्त पाणी होतंय असं समजून मी पाणी कमी केलं. फरक काहीच पडला नाही.

एक गोष्ट मला फार खटकते. दोन टोमॅटो उरले होते, ते तसेच कोकोपीट भरलेल्या कपात ठेवले आणि त्यांना अधूनमधून ते पातळ खत देत राहिले. ते दोन्ही आज २५ सेंटीमीटरच्या वर आहेत. बी तेच, ऊन तेच. मग मोठ्या कुंडीतली रोपं मागे का? लावल्यावर रोप काही दिवस रुसतं हे ऐकलंय, पण किती दिवस वाट बघायची? उपटून पाहिलं तर आणखी धक्का बसेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद

ताई, बरं झालं कपातल्या रोपांचं लिहिलंत. टोमॅटो साधारण आठ-दहा दिवसांत सावरून नवी पानं काढायला लागतो, मिरची जरा जास्त वेळ घेते. २२ दिवस म्हणजे नुसता रुसवा नाही.

मला दोन कारणं दिसतात. पहिलं हुंडीचं. कोकोपीट भुसभुशीत असतं आणि माती बारीक कणांची. बारीक कणांची माती शेजारच्या भुसभुशीत भागातलं पाणी स्वतःकडे ओढून घेते. मुळं अजून हुंडीतच असतील तर बाहेरची माती ओली असूनही रोप तहानलेलं राहतं. त्यातून मुळांनी भरलेली हुंडी एकदा पूर्ण सुकली की पटकन भिजत नाही, पाणी बाजूने निघून जातं. सहा आठवडे ट्रेमध्ये राहिल्याने मुळं गोल गोल फिरली असणार, ती आपणहून बाहेर वळत नाहीत. तुमचं बोट बाहेरची माती तपासत होतं.

दुसरं, कंपोस्ट. त्यात पानांचे, काड्यांचे तुकडे ओळखू येतात का? येत असतील तर ते कच्चं आहे. ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलं नत्र आधी स्वतः वापरतात आणि रोपाला तुटवडा पडतो. खालची पानं सरसकट पिवळी पडणं हे नत्र कमी पडल्याचंच लक्षण. त्यात तुम्ही वरचं खतही नेमकं तेव्हाच थांबवलंत.

सगळी उपटू नका, सर्वांत कमजोर असलेलं एकच काढून बघा.

मूळ लेखिका

एक रोप काढलं. हुंडी जशीच्या तशी हातात आली, एकही मूळ बाहेर गेलेलं नव्हतं. फोडली तर आत कोरडी ठणठणीत! मुळं पांढरी होती, कुजलेली नव्हती, एवढाच दिलासा. कंपोस्टमध्ये पानांचे तुकडेही स्पष्ट दिसतात. इतके दिवस ती तहानलेली होती आणि मी वरून पाणी कमी करत होते, याचं फार वाईट वाटतंय.

प्रतिसाद

वाईट वाटून घेऊ नका, मुळं पांढरी आहेत म्हणजे रोपं वाचतील. काढलेल्या रोपाची हुंडी पाण्यात बुडवून पूर्ण भिजू द्या, बाहेरची गोल फिरलेली मुळं बोटांनी हलकेच सोडवा आणि संध्याकाळी परत लावा. टोमॅटो आहे, तेव्हा खालची पिवळी पानं काढून खोड थोडं खोल गाडलंत तरी चालेल, त्या खोडाला नवी मुळं फुटतात. मिरचीला मात्र आहे त्याच खोलीवर ठेवा.

बाकीच्यांना हात लावू नका. खोडाच्या अगदी बुंध्याशी, हुंडीवरच, थेंब थेंब पाणी सोडा, थोडं थांबून पुन्हा सोडा. मग मातीला वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल उरेपर्यंत, थांबायचं. पण ओल हुंडीजवळ तपासा. पातळ खत पुन्हा सुरू करा, जोरकस नको. पिवळी झालेली पानं हिरवी होण्याची वाट बघू नका, शेंडा कसा येतोय ते बघा.

मूळ लेखिका

नऊ दिवसांनी लिहितेय. आठ टोमॅटोंचे शेंडे हिरवेगार आलेत, सर्वांत उंच १९ सेंटीमीटर आहे आणि दुपारचं मान टाकणं थांबलंय. काढून परत लावलेलं रोप चार दिवस पडून होतं, काल त्यालाही नवं पान दिसलं. तुमचे मनापासून आभार.

मिरच्या अजून तशाच आहेत. पाचांतल्या दोघींना एवढ्याशा उंचीवर कळ्या आल्यात. त्या खुडून टाकल्या तर जोर मुळांकडे आणि पानांकडे जाईल असं वाटतं, पण हात होत नाही. खुडू का?

प्रतिसाद

खुडा. निदान पहिल्या कळ्या तरी.