पहिल्यांदाच टीम हाती घेताना: सोलापूरकरांचे कामातले बारकावे

टॉवेलची ऑर्डर, युनिफॉर्मची शिलाई, माळावरचं श्रमदान किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट. दहा माणसांचं काम पहिल्यांदा आपल्या नावावर येतं, तेव्हा आधी काय मोजायचं आणि कुठं थांबून बघायचं? ज्यांचा यात हात बसलाय त्यांनी आकड्यांसकट लिहा.

मागावरचा

नग मोजायच्या आधी किलो मोजा. ७५ × १५० सेंमीचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौ. मी. जीएसएम (एका चौ. मी. कापडाचं ग्रॅममधलं वजन) ४०० असेल तर तयार नग ४५० ग्रॅमचा. १५० डझन म्हणजे १,८०० नग, ८१० किलो. ६ टक्के वेस्टेज धरून ८६० किलो सूत आधीच बाजूला काढा, आणि पाईलचं (टॉवेलवरच्या फाशांचं) रंगीत सूत एकाच लॉटमध्ये, म्हणजे एकाच खेपेत, रंगवून घ्या. निम्म्यात सूत संपलं तर दुसऱ्या लॉटची छटा जुळत नाही. मागावर ते लक्षात येत नाही, चेकिंगच्या टेबलावर उजेडात येतं.

आता दिवस. माग मिनिटाला १६० पिकांचा (पिक म्हणजे आडवा धागा), चालू वेळ ७५ टक्के, म्हणजे हाती १२० पिक. इंचाला ४० पिक आणि लांबी ६० इंच असेल तर २,४०० पिक, २० मिनिटं. रुंदीत दोन टॉवेल बसले तर ८ तासांच्या पाळीत ४८, सहा मागांवर २८८. १,८०० नगांना सव्वासहा पाळ्या. नवा माणूस एवढ्यावरच गिऱ्हाइकाला तारीख देतो. रंगाई, वारपिंग (उभे धागे गुंडाळणं), सायझिंग (त्यांना खळ लावणं), भीम (उभ्या धाग्यांचा रूळ) चढवून सांधणी, पुढं हेमिंग (कडा शिवणं) आणि चेकिंग, हे सगळं त्या हिशेबाबाहेर राहतं. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि जानेवारीतली गड्डा यात्रा कॅलेंडरवर आधी खोडा. त्या दिवसांत माणसं मिळत नाहीत, आणि मिळावीत असं मला वाटतही नाही.

पहिला नग मागावरून उतरला की वजन करा, धुवा, वाळवा, पुन्हा लांबी-रुंदी घ्या. बाकीचे माग त्यानंतरच सुरू. टेरीला, म्हणजे फाशांच्या टॉवेलला, दोन भीम असतात. पाईलच्या भीमावर ताण जास्त पडला की फासे आखूड येतात आणि वजन घटतं. हे पहिल्या नगावर कळलं तर जॉबर (माग लावून देणारा कारागीर) ताण सैल करतो. शंभर नगांनंतर कळलं तर ते शंभर नग सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात.

कटिंग टेबल

युनिफॉर्ममध्ये कापड आलं की ५० × ५० सेंमीचा चौकोन आखून तुकडा धुवा. ४८.५ भरला तर ३ टक्के आकसलं, पॅटर्न तेवढा वाढवा. दोन ताग्यांची छटा क्वचितच एक असते, म्हणून प्रत्येक थराला नंबरची चिठ्ठी लावा. कॉलर, बाही, पाठ एकाच नंबरची जोडली गेली पाहिजे. थर फार चढवू नका. पाती तिरकी जाते, वरचा आणि खालचा साईज वेगळा निघतो.

शाळेकडून इयत्तेवरून आकडा घेऊ नका, साईजवार यादी मागा. मधल्या साईजचे नग थोडे जास्त शिवा. आणि काज-बटण! दहा शिलाई मशिनींमागं काजाचं मशिन एकच असतं. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, मेमध्ये सगळा ढीग त्याच मशिनीपाशी साचतो. काजाचं काम एप्रिलपासूनच रोजच्या रोज उरकत ठेवा.

टिकाव-फावडं

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माळावर समपातळी चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) खोदायला माणसं घेऊन जाणाऱ्यांसाठी. आखणी ए-फ्रेमनं (ओळंबा टांगलेल्या A आकाराच्या चौकटीनं) करा. फ्रेमचे पाय अदलाबदल करून ओळंबा दोन्ही वेळेस एकाच खुणेवर येतो का बघा, नाहीतर सगळी रेघ उताराला जाते आणि पहिल्याच पावसात चर फुटतो. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. माती उताराच्या बाजूला टाका. सलग लांब चर नको, मध्ये थोडी जागा न खोदता सोडा. जोडीमागं ५ मीटर, मुरूम कठीण असला तर ३. एप्रिलमध्ये सहाला सुरुवात, नऊला बंद.

फायनल इयर

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून टाकीची पातळी दाखवणारा प्रोजेक्ट दरवर्षी कोणीतरी घेतंच. चौघांत काम वाटायच्या आधी डेटा कसा जाईल ते कागदावर लिहा: सेंटिमीटर, पूर्णांक, दर ६० सेकंदांनी. एचसी-एसआर०४ (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर) चा इको, म्हणजे उत्तराचा सिग्नल, ५ व्होल्टचा, ईएसपी८२६६ (वाय-फायची चिप) चा पिन ३.३ चा. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज उतरवणारी रेझिस्टरची जोडी) लागतो. टाकीतल्या वाफेत हा सेन्सर टिकत नाही, जलरोधक घ्या. पण त्याला जवळचं साधारण २० सेंमी दिसत नाही, तेव्हा तो टाकी भरल्यावरच्या पाण्यापासून तेवढा वर बसवा. सगळ्यांचं काम दर शुक्रवारी एकत्र जोडून चालवा.

धागाकर्ता

@मागावरचा, वयानं मोठ्या कारागिरांना चूक कशी सांगायची? आणि दुरुस्तीची मजुरी कोणाची?

मागावरचा

अण्णांना सगळ्यांसमोर सांगू नका. नग हातात द्या, "अण्णा, वजन ४२० भरतंय, बघता का?" एवढं पुरतं, कारण तेच सांगतात. मजुरीचं मात्र पहिल्या दिवशीच ठरवा. सूत किंवा भीम खराब असेल तर दुरुस्ती मालकाची, तुटलेला धागा न जोडता पुढं विणलं तर विणकराची. पाळी बदलताना वहीत चार गोष्टी: कोणता माग बंद, भीमावर किती सूत उरलं, शेवटच्या नगाचं वजन, कोणता लॉट चालू. दोन्ही पाळ्यांच्या सह्या घ्या.