मुंबईचा नेट झिरो २०५० : पाव महागला, एसी चालूच

कांजूरकर :
आमच्या बेकरीवाल्याने पावाचा भाव वाढवला. विचारलं तर म्हणे लाकडाची भट्टी मोडून गॅसची बसवली, हप्ते कोण भरणार. म्हटलं ठीक, धूर तरी गेला. पण मग डोक्यात आलं की महापालिकेने जो क्लायमेट आराखडा काढलाय त्यात हा गरीब बिचारा पाववाला नक्की किती मोठा गुन्हेगार आहे?

मार्च २०२२ चा आराखडा. कार्बन उत्सर्जनात २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के कपात, २०४० पर्यंत ४४ टक्के, आणि २०५० ला नेट झिरो (जेवढा कार्बन सोडला तेवढा शोषून हिशेब शून्य), म्हणजे देशाच्या २०७० च्या पण वीस वर्षं आधी. २०१९ चं मुंबईचं उत्सर्जन धरलंय साधारण २.३४ कोटी टन. त्यात ७२ टक्के घरं, दुकानं, ऑफिसं, कारखान्यांत जळणाऱ्या ऊर्जेचं, २० टक्के वाहतुकीचं आणि ८ टक्के कचऱ्याचं.

आता या ७२ मध्ये मुख्य भाग विजेचा, आणि वीज कोळशाची घ्यायची का वाऱ्याची हे महापालिका ठरवत नाही. उपनगरात अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण, शहरात बेस्ट आहे पण ती पण टाटांकडूनच घेत आलीय, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर वीज नियामक आयोग. म्हणजे जिथे हात पोचत नाही तिथलं वचन देऊन मोकळे, आणि हात पोचतो तो पाववाल्याच्या भट्टीपर्यंत. शेजाऱ्याच्या खिशातून केलेला आहेर आहे हा, असं माझं स्पष्ट मत. पटत नसेल तर बोला.

सायली दहिसर :
नाही पटत. पहिलं म्हणजे भट्ट्यांचा आदेश हायकोर्टाचा, जानेवारी २०२५ चा, सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडा म्हणून. तो हवेच्या प्रदूषणासाठी होता, कार्बनच्या हिशेबासाठी नाही. भट्टीच्या मागच्या गल्लीत राहून बघा मग कळेल पाववाला गरीब बिचारा आहे का शेजारी.

दुसरं, वीज कोणाची हे महापालिका ठरवत नसेल पण वीज किती लागणार हे तीच ठरवते की! प्रत्येक इमारतीचा प्लॅन कोण पास करतं? खिडकी न उघडणारे काचेचे टॉवर दमट हवेच्या शहरात उभे राहतात, मग ते दिवसभर एसीवर चालतात, त्यावर सही कोणाची? आपल्या चाळींना समोरून गॅलरी मागून खिडकी, वारा आरपार, पंख्यावर भागायचं. आराखड्यात ऊर्जा आणि इमारती हा वेगळा विभाग आहे तो उगाच नाही. आणि ८ टक्के कचरा म्हणून सोडून देऊ नका, देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं आहे, आतमध्ये कुजून मिथेन होतो (तो पण हवा तापवणाराच वायू), २०१६ ला आग लागली तेव्हा तो धूर सगळ्या पूर्व उपनगराने खाल्लाय. ते तर पूर्ण महापालिकेच्या हातातलं काम आहे.

नाइलाजाने सेक्रेटरी :
सायलीताई सगळं खरं पण एकदा आमच्या सोसायटीच्या मीटिंगला येऊन बसा. सोलरचा विषय मी तीन वर्षं मांडतोय, पहिल्या वर्षी गच्चीवर जागा नाही कारण पावसाळी शेड, टाक्या, लिफ्ट रूम आणि मोबाईल टॉवर, दुसऱ्या वर्षी शेडवरच पॅनल बसवू म्हटलं तर वरच्या मजल्यावाले म्हणाले गळती झाली तर कोण बघणार, आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यांचं एकमत झालं (हे पहिल्यांदाच) की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे मग आता खर्च कशाला. रिडेव्हलपमेंट आणखी दहा वर्षं होत नाही हे पण सगळ्यांना माहितीय. आणि झालीच तर सात मजल्यांच्या जागी तीस मजले येणार, गच्ची तेवढीच, तिच्यावरच्या पॅनलमधून जिन्याचे दिवे आणि पंप चालला तरी नशीब.

कचऱ्याचं म्हणाल तर २०१७ पासून २० हजार चौरस मीटरवरच्या किंवा रोज १०० किलोच्या वर ओला कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी तो आवारातच जिरवायचा असा नियम आहे. आम्ही त्यात बसत नाही. तरी घरोघरी दोन डबे दिलेत, आणि खाली आमचाच सफाईवाला दोन्ही एकाच पिंपात ओततो. त्याला बोललो तर म्हणतो साहेब जिन्याने सात मजले दोन डबे घेऊन तुम्ही उतरून दाखवा. लिफ्टमध्ये कचरा न्यायचा नाही हा ठराव आमचाच.

चिकूवाला डहाणू :
मुंबईकरांचं भांडण ऐकून मजा वाटली. तुम्ही म्हणता वीज आमच्या हातात नाही. अहो ती कुठे तयार होते ते तरी माहितीय का? आमच्या डहाणूला ५०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र १९९० च्या दशकापासून तुमच्या उपनगरांसाठी चालतंय. चिकूच्या बागा आमच्या, चिमणी पण आमच्याकडे, आणि एसी बोरिवलीला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १९९६ ला डहाणूसाठी वेगळं पर्यावरण प्राधिकरण बसलं, त्याच्या मागे लागून लागून धुरातलं गंधक काढायचं यंत्र बसवून घेतलं. पण ते गंधक अडवतं, कार्बन नाही.

एक गोष्ट मात्र या आराखड्याची मला आवडली आणि तीच कांजूरकर तुम्हाला खटकतेय. वीज बाहेर तयार झाली तरी वापर मुंबईत म्हणून उत्सर्जन मुंबईच्या खात्यात लिहिलंय. ते लिहिलं नसतं तर मुंबई कागदावर एकदम स्वच्छ आणि काळे आम्ही. निदान उधारी कोणाची ते तरी वहीत आलं.

स्टॉपवरचा काका :
मूळ दुखणं कोणी बोलतच नाहीये. बेस्टच्या एके काळी साडेचार हजारच्या आसपास गाड्या होत्या त्या तीन हजारांच्या खाली आल्या. २०१९ ला कमीत कमी भाडं ५ रुपये केलं तेव्हा केवढं कौतुक, मे २०२५ ला तेच १० झालं. आराखड्यात म्हणायचं सार्वजनिक वाहतूक वाढवा, बस इलेक्ट्रिक करा, आणि पैसा कुठे तर कोस्टल रोडला, जिथे टू व्हीलरला पण बंदी. इलेक्ट्रिक डबल डेकर दिसायला झकास आहे हो, पण माझ्या स्टॉपवर रोज उभे असतात त्यातले निम्मे शेअर रिक्षाने निघून जातात. बसमधला माणूस एकदा बाईकवर गेला की तो परत येत नाही, मग बाईक इलेक्ट्रिक असो नाहीतर पेट्रोल.

सायली दहिसर :
काका मेट्रो ३ पण झालीय ना, आरे ते कफ परेड. सगळंच वाईट कसं?

स्टॉपवरचा काका :
झाली, चांगली आहे, जातो मी पण. आरेतली झाडं २०१९ ला रातोरात तोडली ते विसरलो नाही इतकंच. आणि स्टेशनातून बाहेर आल्यावर घरापर्यंत काय? तिथे बसच लागते.

कांजूरकर :
डहाणूचा मुद्दा मान्य. वहीत लिहिलंय हे चांगलंच. सायलीताई, भट्टीचं पण थोडं मागे घेतो.

पण वसुली कोण करणार? महापालिकेची मुदत संपली ७ मार्च २०२२ ला आणि आराखडा जाहीर झाला १३ मार्चला. म्हणजे बारशाच्या दिवशीच घरात माणूस नाही, पुढची कित्येक वर्षं निवडून आलेल्यांच्या जागी प्रशासकच होता. २०२४-२५ ला क्लायमेट बजेट म्हणून दहा हजार कोटींच्या वर आकडा दाखवला, पण आराखड्यात पूर आणि पाणी हा पण एक विभाग आहे त्यामुळे नाल्याचं काम पण त्यात बसतं. नाले हवेतच, पाणी आमच्याकडे पण भरतं. पण नाला रुंद केल्याने एक टनसुद्धा कार्बन कमी होत नाही. माझं म्हणणं एवढंच, दोन्हीचे आकडे वेगळे दाखवा, उत्सर्जन कमी करायला किती आणि पावसापासून वाचायला किती. त्यात बसला किती मिळाले ते काकांना आपोआप दिसेल.

चिकूवाला डहाणू :
आणि आम्हाला किती ते पण!

नाइलाजाने सेक्रेटरी :
आमची एजीएम येत्या रविवारी आहे. सोलर सातव्या नंबरला घेतलाय. सहाव्या नंबरला पार्किंग आहे, म्हणजे सातव्यापर्यंत मी आणि खजिनदार दोघंच उरणार.