राज्य म्हणजे नकाशा नव्हे

कोणीतरी विचारलंय की बायबलमध्ये येशू ज्या देवाच्या राज्याबद्दल बोलतो, ते म्हणजे मेल्यावर मिळणारा स्वर्गच ना. मला नाही तसं वाटत. मी ग्वाल्हेरचा, आमची आजी कुठलीही जुनी गोष्ट सांगताना "शिंदे सरकारच्या राज्यात" म्हणायची, म्हणजे तिच्या डोक्यात नकाशा नसायचा, कोणाचा हुकूम चालायचा तो काळ असायचा. (ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं राज्य १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झालं तरी आजीचं काही विलीन झालं नाही, ते सोडा.) बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये, त्यात 'राज्य'साठी असलेला 'बासिलेया' शब्दही असाच आहे, आधी राजाची सत्ता, मग प्रदेश. म्हणून येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत "तुझं राज्य येवो" म्हणतात, आम्हाला तिकडे ने असं नाही, आणि लगेच पुढे तुझी इच्छा स्वर्गात तशी पृथ्वीवरही होवो.

येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं मत्तय, मार्क, लूक अशा नावांनी आहेत. त्यातला मत्तय बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचं राज्य' लिहितो, तिथेच घोळ होतो. पण मत्तयच्या १३व्या अध्यायातला मोहरीच्या दाण्याचा दाखला (बोधकथा) मार्कच्या ४थ्या अध्यायातही आहे आणि तिथे सरळ 'देवाचं राज्य' आहे, म्हणजे गोष्ट एकच.

आता लूक १७:२१ (अध्याय १७, ओवी २१), देवाचं राज्य 'तुमच्यात आहे'. लोक याचा अर्थ 'मनात' असा घेतात, पण येशू बोलतोय परूश्यांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांशी, ज्यांच्याशी त्याचे सारखे खटके उडायचे, त्यांच्या मनात कुठून असणार हो? मला 'तुमच्यामध्ये', म्हणजे समोरच उभं आहे, हेच पटतं. तरी पूर्ण आलंय असंही नाही, नाहीतर "येवो" कशाला म्हणायचं.