मदत हवी आहे: मॅनिकिनशिवाय (सरावाच्या पुतळ्याशिवाय) नववीच्या मुलांना सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) कसा शिकवावा?

मंडळी, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात आमचे शिपाईमामा व्हरांड्यात कोसळले. कुणी कांदा हुंगवतंय, कुणी तोंडावर पाणी मारतंय, आणि मी नुसती उभी! नुसती भोवळ होती म्हणून निभावलं.

आता नववीसाठी शनिवारचे दोन तास मिळालेत. मुलं ६२. मॅनिकिन नाही, मुख्याध्यापकांचं म्हणणं "खर्च सोडून काहीही करा." म्हणून दप्तरात जुनी चादर कोंबून मधे एक लिटरची रिकामी, झाकण लावलेली बाटली ठेवली. दाबली की कडकड वाजते आणि अख्खा वर्ग खिदळतो. मिनिटाला १०० ते १२० दाब हा वेग हलगीच्या ठेक्यावर जमतोय. पण ५ ते ६ सेंटिमीटर खोली? बारकी मुलं कोपरं वाकवून नुसतं चेपतात, धिप्पाड पोरं बाटलीच चपटी करतात. शिवाय छाती पुन्हा पूर्ण वर येऊ द्यायची, हे दप्तरावर समजावणं अवघड जातंय. कुणी यापेक्षा बरा जुगाड केलाय का?

दुसरं, १०८ ला फोन लावायचा खोटा सराव घेतला, तर पत्ता काय, "मारुतीच्या देवळामागे". गावात मारुती तीन! हा सराव तुम्ही कसा घेता?

आणि आमच्याकडे घोणस, फुरसं भरपूर. सर्पदंशाचं याच दोन तासांत बसवू, की वेगळा शनिवार मागू?