टाकीचा कंट्रोलर हँग होतो? स्टार्टरच्या कॉइलवर स्नबर बसवा, फिल्टरवर पैसे घालू नका

गोदाकाठ:
हौद-टाकी भरली की बोअरची मोटार आपोआप बंद व्हावी म्हणून आता आपल्याकडे बऱ्याच घरांत लेव्हल कंट्रोलर बसलाय. तक्रारही सगळीकडे तीच. मोटार बंद होताना कंट्रोलर हँग होतो, पातळी भलतीच दाखवतो, कधी मोटार पुन्हा आपोआप चालू करतो. मध्यम लहरींवर परभणी केंद्र लावलेलं असेल तर नेमक्या त्याच क्षणी रेडिओत कर्र होतं. मग दुकानदार लाईन फिल्टर (लाईनमधून येणारे झटके गाळणारा डबा) तरी देतो, नाहीतर नवा कंट्रोलर. हा पैसा चुकीच्या जागी जातोय, असं माझं ठाम मत आहे.

दोष बऱ्याचदा मोटारीचा नसतो, स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा असतो. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटारीला वीज जोडणारा मोठा स्विच; त्याची कॉइल चुंबक बनून पॉइंट ओढते. कॉइलमधला प्रवाह एकदम तोडला की तिथलं व्होल्टेज उसळतं, हजारावरही जातं, आणि ही कॉइल चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरमधल्या छोट्या रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, पॉइंटवर ठिणगी पडते. त्याच बोर्डावर, चार बोटांवर प्रोसेसर बसलेला! खात्री करायची तर मेन स्विच पाडून कॉन्टॅक्टरमधून मोटारीच्या वायरा सोडवा, टोकांना टेप लावा आणि नुसता कॉन्टॅक्टर चालू-बंद करून बघा. तरीही हँग झाला तर कॉइलच दोषी.

१०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून कॉइलच्या दोन टोकांवर बसवा. हाच तो झटका शोषणारा स्नबर. कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच (थेट मेन लाईनवर लावण्यासाठी बनवलेला), २७५ व्होल्ट एसीचा. काम वायरमनकडून करून घ्या.

सेलूचा_वायरमन:
दादा, तुमचं गणित कागदावर बरोबर आहे. आमच्याकडं मे महिन्यात व्होल्टेज १८० वर येतं. २३० ची कॉइल ८५ टक्क्यांच्या खाली, म्हणजे १९५ च्या आसपास आलं, की नीट ओढेलच याची हमी नाही. कॉन्टॅक्टर नुसता खडखड करतो, पॉइंट काळे पडतात. तिथं तुमचा स्नबर काय करणार? दुसरं अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावालाच उरतं. लोकं स्नबर-फिल्टर लावायलेत, पण खड्ड्यात बादलीभर पाणी कुणी टाकत नाही.

गोदाकाठ:
खडखडणाऱ्या कॉन्टॅक्टरवर स्नबर हे औषध नाही, मान्य. पण १८० व्होल्टला मोटार चालवायचीच कशाला? वाइंडिंग जळेल. अर्थिंग माणसाच्या जिवासाठी हवंच, त्यावर वादच नाही. मात्र कॉइलचा झटका फेज आणि न्यूट्रल या दोन वायरांमध्येच फिरतो. अर्थिंग कितीही पक्कं केलं तरी तो झटका तिथंच राहणार.

मांजरातीर:
ठिणगी पडू द्यायची आणि मग विझवायची, यापेक्षा ती पडूच नये असं करा. छोट्या रिलेच्या जागी सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलणारा पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले लावा. आतला ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रवाह शून्यावर आल्यावरच बंद होतो, त्यामुळे कॉइलचा प्रवाह मधेच तुटत नाही. झिजणारा पॉइंटही नाही. २०२६ मध्ये स्नबरवर अडून का बसायचं?

बिंदुसरा:
कारण सॉलिड स्टेट रिले बिघडला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो. म्हणजे टाकी भरली तरी मोटार चालूच, आणि बोअरचं पाणी संपलं तर कोरडी मोटार जळणार. वळवाच्या विजा आमच्या बीडकडे काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. लाईनवरून आलेल्या एका झटक्यात ट्रायॅक जातो. त्यालाही वर एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) आणि स्नबर लागतोच. बंद पडताना मोटार बंदच राहील, अशीच वस्तू मला हवी.

कंधारकर_परदेशी:
मी थंड देशात राहतो. इथे घराच्या फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या असतात आणि थर्मोस्टॅट दिवसभर रिले चालू-बंद करतो. प्रत्येक खोलीचा व्हॉल्व्ह मेण तापवून उघडतो. त्याचा भार हीटरसारखा, त्यामुळे तो फारसा त्रास देत नाही. कर्र होतं ते पाणी फिरवणाऱ्या पंपाचा रिले तुटताना. इथेही इलेक्ट्रिशियनने स्नबर पंपाच्या टोकांवर लावला, रिलेच्या पॉइंटवर नाही.

गोदाकाठ:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ०.१ मायक्रोफॅरड पॉइंटवर आडवा लावला की रिले बंद असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर झिरपत राहतात. पॉइंटच्या पुढे छोटा एलईडी दिवा असेल तर तो मंद पेटतो. म्हणून स्नबर कॉइलवर.

दुधनाकाठ:
आमचा मेकॅनिक म्हणतो, पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पॉइंटवर टाका, काम होतं.

गोदाकाठ:
अजिबात टाकू नका. रेझिस्टर नसला की पॉइंट जुळताना भरलेला कपॅसिटर एका क्षणात त्यातून रिकामा होतो आणि पॉइंट चिकटतो. रिले बंद असताना जवळपास ०.१८ अँपिअर वाहील ते वेगळंच. तेवढ्यावर कॉइल ओढलेलीच राहू शकते, म्हणजे मोटार थांबणारच नाही.

सेलूचा_वायरमन:
कपॅसिटरचं पटलं. पण स्नबरच्या आधी मी अजूनही पाईप उघडून बघीन. टाकीच्या सेन्सरची बारीक वायर मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाईपमधून गच्चीपर्यंत नेलेली असते. ती अख्खी वायर झटके पकडते. सेन्सरला वेगळा पाईप, पीळ दिलेली जोडवायर, आणि शील्ड (वायरीवरची धातूची जाळी) असेल तर ती एकाच टोकाला अर्थ. एवढं केल्यावरही हँग झाला तर दादांचा स्नबर लावतो.

गोदाकाठ:
तुम्ही पाईप आधी उघडा, मी कॉइल आधी धरतो. नुसत्या कॉन्टॅक्टरवर कंट्रोलर हँग होत असेल तर पाईप फोडून भिंत खराब करायची गरज नाही. आणि मोटार जोडल्यावरच होत असेल तर तुमचा पाईप आधी.