'जग' की 'युग'? कॉसमॉस, आयोन आणि तिसरा एक

— १६११ च्या इंग्रजी बायबलात मत्तय १३ (मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय १३) मधल्या निदणाच्या, म्हणजे पिकातल्या तणाच्या, दाखल्याचा (दृष्टांतकथेचा) उलगडा वाचत होतो. शेत म्हणजे 'वर्ल्ड' आणि कापणी म्हणजे 'वर्ल्ड'चा शेवट. मराठीत मात्र शेत हे 'जग' आणि कापणी ही 'युगाची' समाप्ती. भाषांतरकाराने पदरचं घातलं का?

— नाही हो, उलट मराठीच मुळाला धरून आहे. मूळ ग्रीकमध्ये ३८ व्या वचनात 'कॉसमॉस' आहे, ३९ व्यात 'आयोन'. इंग्रजीने दोघांना एकाच दावणीला बांधलं. आयोन हा काळाचा शब्द, आपल्या 'आयु'चा भाऊबंद; होमरकडे त्याचा अर्थ आयुष्य असाच होतो. दाखल्यात शेत संपत नाही, हंगाम संपतो.

कॉसमॉस म्हणजे आधी नीट मांडणी, सजावट. १ पेत्र ३:३ मध्ये बायकांच्या साजशृंगाराला हाच शब्द आहे (कॉस्मेटिक्सचं दुकान आठवा). मग सुघड विश्व, मग त्यातली माणसं. योहान १२:१९ मध्ये परूशी (एका कर्मठ यहुदी पंथाचे लोक) कुरकुरतात की जग येशूच्या मागे गेलं. 'जग काय म्हणेल' मधलंच हे जग.

— मग लूक २:१ मध्ये रोमन सम्राट औगुस्त सगळ्या जगाची नोंदणी करायला सांगतो ते?

— तिथे 'ऑइकुमेने'. ऑइकोस म्हणजे घर, त्यावरून वसलेला मुलूख. व्यवहारात रोमन साम्राज्य. साम्राज्याबाहेरच्या पार्थियात (आजच्या इराणकडच्या राज्यात) कोणी डोकी मोजायला जाणार नव्हतं.

— तरी 'युग' मला खटकतं. ऐकताच कृत, त्रेता, द्वापर, कली डोळ्यांपुढे येतात. कलीची ४,३२,००० वर्षं संपली की पुन्हा कृत. मत्तय १२:३२ मध्ये तर दोनच आहेत, हे आणि येणारं. चक्र नाहीच.

— खटकणं रास्त आहे. पण 'काळ' फार सैल पडतो आणि 'मन्वंतर' म्हणजे आगीतून फुफाट्यात. इफिस २:२ मध्ये दोन्ही शब्द एकत्र येतात, 'या कॉसमॉसचा आयोन'. तिथे मला 'जगरहाटी' चपखल वाटतो. इब्री १:२ ला मात्र तो चालणार नाही. तिथे देवाने पुत्राद्वारे आयोन, तेही अनेकवचनी, निर्माण केले. 'युग, अनंतकाळ' अशा अर्थाच्या हिब्रू 'ओलाम' शब्दाची छाया धरली तर काळ आणि त्यात सामावलेलं सगळंच आलं. तिथे मी 'विश्व' घेईन.